चमकीवरची निळी पट्टी

१४ मार्च

धाकटे,

तुझं पाकीट मिळालं. आत चार ओळींची चिठ्ठी आणि तुमच्या संग्रहालयाच्या प्रदर्शनाची रंगीत पुस्तिका. पहिल्या ओळीत आई गेल्याचं दुःख, दुसऱ्या ओळीत तुला येता आलं नाही त्याची खंत, आणि उरलेल्या दोन ओळींत आईची चमकी मागितली आहेस. कापसात गुंडाळ, डबी टणक घे, टपालात हरवू नये म्हणून नोंदणी करून पाठव. दुःखापेक्षा कापसाची काळजी जास्त दिसली.

चमकी मिळणार नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. मला पत्रं लिहायची सवय नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवायच्या, कुठे टोचतं ते विचारायचं आणि पकडीने वाकवायचं, त्यात जेवढं बोलावं लागतं तेवढंच मी बोलते. पण जेवणाच्या सुट्टीत तुझी पुस्तिका उघडली आणि डोकं फिरलं.

सगळी वाचली, असं समजू नकोस की चाळली. वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये नवरीला नाकातलं वजनदार कडं देतात आणि नवऱ्याने टाकलं तरी ते तिचंच राहतं, ते वाचलं. कुठे लढवय्ये पुरुष नाकाच्या मधल्या पडद्यातून हाड घालतात, ते वाचलं. मुलं जगत नसली की मुलाचंच नाक टोचायचं, म्हणजे काळाला ती मुलगी वाटेल. डावी नाकपुडी टोचली की बाळंतपण सोपं जातं, असं जुने वैद्य म्हणत. एका मुलखात सगळ्या बायका डावीकडे घालतात, डोंगर ओलांडला की सगळ्या उजवीकडे. आज्यांनी काढून टाकलं, नातींनी हौसेने पुन्हा घातलं. हे सगळं तू चांगलं लिहिलं आहेस. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ झिजत नाही.

मग शेवटचं पान आलं. आईचा फोटो, आणि खाली तुझे शब्द: "संशोधिकेच्या आईची चमकी. सोनं व हिरा. लग्नात माहेरहून मिळालेली. उजवी बाजू ही मातृकुळाची रीत. नवऱ्याच्या मालकीची ही खूण तिने आयुष्यभर वागवली."

कुठला नवरा? तू रांगत होतीस तेव्हा कामाच्या शोधात जातो म्हणून जो गेला, तो? त्याची मालकी? त्याने तर चपलांचा जोडही मागे ठेवला नाही.

तू लिहिलंस त्यात एक शब्द धड नाही. खरं काय ते सांगायला मी बांधील नाही. आणि आईला दिलेला शब्द मोडण्याइतकी तू माझ्या जवळची राहिलेली नाहीस.

यांना पुस्तिका दाखवली. हे म्हणाले, "तुमच्या घरात सगळ्यांचा राग नाकावर, आता धाकटीने नाकाचंच दुकान काढलं." हसले. मी हसले नाही.

ताई


२९ मार्च

धाकटे,

या वेळी चार ओळी नाहीत, चार पानं आहेत. रागावलीस की तुला सुचतं, हे बरं आहे.

तू पुन्हा तेच वाक्य लिहिलंस. "ज्या बाईने माझ्या नाकातली कडी उपटली तिने स्वतःची चमकी कधी काढली नाही, या कोड्यातून माझा अभ्यास सुरू झाला." दोन वर्षांपूर्वी मासिकातल्या मुलाखतीत हेच छापून आलं होतं. तेव्हा मी घरात सांगून टाकलं की यापुढे इथे तुझं नाव निघणार नाही. त्याआधी ती मुलाखत मीच आईला वाचून दाखवली होती. तिला कळावं, लेक काय बोलते ते. तिने डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाली, "लिहिलंय छान." मी मासिक फेकलं. तिने ते उचलून उशीखाली ठेवलं.

उपटली म्हणे. मी तिथे होते, धाकटे. तू सोळा वर्षांची, मैत्रिणीच्या न्हाणीघरात जाऊन कपडे शिवायच्या सुईने नाकाचा मधला पडदा टोचून आलीस आणि त्यात कसलीशी गंजकी कडी अडकवलीस. दारात उभी राहिलीस तेव्हा आई म्हणाली, "बैल आहेस का, वेसण घालून आलीस?" (हेच आता तुझ्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे. ते कोण बोललं होतं, ते छापायचं राहिलं.) पाचव्या दिवशी नाक बटाट्याएवढं, डोळे सुजून बंद, अंगात ताप. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कडी आत्ता निघाली पाहिजे. नर्सने हात लावला तर तू तिला चावलीस. तिने हात झटकला आणि म्हणाली, "तुमची मुलगी, तुम्हीच काढा."

आईने कोपरापर्यंत हात धुतले. कारखान्यात लाइनवर बसण्याआधी धुवायची, तसे, नखांच्या कडांतून ब्रश फिरवून. मग तुझ्यासमोर बसली. तू तिची वेणी धरली होतीस आणि दुखलं की ओढत होतीस. ती "ओढ" म्हणायची. कडी निघाली तेव्हा तिचे केस तुझ्या मुठीत आले होते. याला उपटणं म्हणतात, तर कोणी कोणाचं उपटलं?

तू लिहितेस, घरी आल्यावर आईने तुझ्या दोन थोबाडीत मारल्या आणि म्हणाली, अशा नाकाच्या मुलीला कोण करून घेणार. हो. मारल्या. म्हणाली. मी ऐकलं. मी ते पुसून टाकत नाही. तू मुलाखतीत तेवढंच सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते. पण खऱ्या दोन थोबाडीत तुला पुरल्या नाहीत, लोकांना दाखवायला तुला रक्त हवं होतं.

चमकीचं उत्तर तेच. माझ्या दुकानाच्या खणात, चष्म्याच्या घरात आहे. तिथेच राहील.

ताई


२ एप्रिल

तुझी तार की काय म्हणावं ते मिळालं. एका कार्डावर एक ओळ: "चमकी मला द्यायची, असं आईने मला फोनवर सांगितलं होतं."

साफ खोटं. आईकडे फोन नव्हता. माझ्या फोनवरून तिने तुला कधी लावला नाही, लावला असता तर मला दिसला असता. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालतेस? प्रदर्शनासाठी आणखी कुठवर उतरशील?


११ एप्रिल

धाकटे,

मावशीकडे गेले होते. पॅकिंगमधली मावशी, आईच्या शेजारी बसून जिने आयुष्यभर बिस्किटांचे पुडे भरले ती. तुझं कार्ड पर्समध्ये टाकून गेले. वाटलं, हिच्यासमोर ठेवते, ही कपाळाला हात लावेल, मग तुला झणझणीत लिहिते.

मावशी पाय पसरून बसली होती. कार्ड लांब धरून वाचलं. मी सवयीने तिचा चष्मा काढून दांडी सरळ केली आणि परत नाकावर बसवला. तिने पुन्हा वाचलं. म्हणाली, "मग? बरोबरच लिहिलंय."

"काय बरोबर?"

"माझ्या फोनवरून बोलायची. दर रविवारी."

दर रविवारी आई मावशीकडे जायची. मला सांगायची, तिला शिवण शिकवते. मावशीला आजतागायत सुईत दोरा ओवता येत नाही!

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या खोलीतलं रेडिओचं बोलणं बंद झालं.

"तूच बंदी घातली होतीस ना घरात? तुझी आई अख्ख्या जन्मात दोघांना भ्याली. एक तो सुपरवायझर, दुसरी तू."

"मी तिला सांभाळलं, मावशी. तिचं न्हाणं-धुणं मी केलं."

"म्हणूनच भ्यायची. जो सांभाळतो त्याच्यापुढे कोण तोंड उघडणार? आणि हो, चमकीचंही बोलली होती. मी म्हटलं, मोठीला दे, ती करते तुझं. तर म्हणाली, मोठीने कधी मागितली नाही. मागते ती धाकटी."

मी चहा तसाच ठेवून उठले. शेवटच्या दुखण्यात तुला काय सांगितलं तेही मावशी दारापर्यंत येऊन बोलली. आई इस्पितळात, नळ्या लावलेल्या, बोलणं तेवढं अजून शाबूत, आणि मावशीचा फोन कानाला धरून तुला सांगते, "साधा ताप आहे, घरीच आहे, जेवण जातंय, तू तुझं प्रदर्शन मांड." तू का आली नाहीस ते मी तुला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला काही उरलं नाही. पण म्हणून माझा राग उतरला असं समजू नकोस. आधी एकटी तू होतीस, आता तिघी आहात. दोघी जिवंत आहेत त्यांच्यावर मी ओरडू शकते. तिसरीवर कशी ओरडू?

तिने दोन वर्षं माझ्यापासून लपवलं. ठीक आहे. मग मी तरी तिचं का झाकून ठेवू? मी नऊ वर्षांची असताना तिने माझ्याकडून शब्द घेतला होता, कुणालाही सांगायचं नाही, धाकटीलासुद्धा. आज मोडते. वाच.

ती चमकी लग्नातली नाही. माहेरची नाही. बाबा निघून गेले, आई बिस्किटांच्या कारखान्यात लागली, पहिला पगार हातात आला, आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मावशीला आणि मला घेऊन कारखान्यामागच्या गल्लीत गेली. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मी गेटपाशी तिचा डबा घेऊन आले होते. तू शेजारणीकडे झोपली होतीस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात, मागच्या बाजूला, एक बाई नाक-कान टोचायची. आईने पर्स माझ्या हातात दिली. "घट्ट धर. काही झालं तरी सोडायची नाही." मला वाटलं, आता हिला कापणार.

बाई म्हणाली, "डावी ना? सगळ्या डावीच घेतात."

आई थांबली. मावशीला म्हणाली, "ए, मी लाइनवर बसते तेव्हा सुपरवायझरची केबिन कुठल्या हाताला येते?"

"डाव्या."

"मग उजवी टोचा."

ही तुझी मातृकुळाची रीत. काचेवर लाव.

बाईने सुई पुसत विचारलं, "नवरा काय म्हणेल?" आई म्हणाली, "म्हणायला आधी यायला हवा." मावशी एवढी हसली की घड्याळवाला आत डोकावला. मग सुई गेली. आईने एक शिवी दिली, ती मी त्याआधी फक्त टांगेवाल्याच्या तोंडून ऐकली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तिने हातात आरसा मागितला. खूप वेळ बघत राहिली. मला म्हणाली, "कशी दिसते?"

मी विचारलं, "दुखतंय का?"

"दुखतंय तर. कशी दिसते ते सांग."

हिरा म्हणतेस तो हिरा नाही, काच आहे. मी रोज काच हाताळते, चुकणार नाही. तिलाही माहीत होतं. तिला चकाकी हवी होती, ती मिळाली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, दागिना काढा नाहीतर घरी जा, पुड्यात पडला तर कोण जबाबदार? आई म्हणाली, दागिना नाही साहेब, जखम आहे. जखमेवर लावायला कारखान्यात निळ्या पट्ट्या असायच्या. निळ्या अशासाठी, की खाण्यात निळं काही नसतं, पडली तर लगेच दिसते. आईने नाकावर निळी पट्टी लावली. कारखान्याच्या लेखी ती जखम नोकरी संपेपर्यंत बरी झाली नाही. तीन सुपरवायझर बदलले. शेवटचा तिला विचारायचा, "काय बाई, जखम कशी आहे?" ती म्हणायची, "ठणकतेय साहेब."

आणि चाळीतल्या बायका? नवरा परागंदा आणि ही नटतेय, असं सुरू झालं तेव्हा तिने सांगून टाकलं की चमकी लग्नातली आहे, गहाण होती, सोडवून आणली. लगेच सगळ्यांची तोंडं बंद. नवऱ्याच्या नावावर टाकली की चमकीला मान, स्वतःच्या नावावर ठेवली की छिनाल. तेच खोटं तिने तुला सांगितलं, आणि तेच तू आता छापून, रंगवून, दिवे लावून जगाला दाखवते आहेस.

तुझी अख्खी पुस्तिका पुन्हा पाहिली. प्रत्येक कड्याखाली लिहिलं आहेस ते कुणी दिलं, कुणासाठी घातलं, कुणाच्या भीतीने घातलं. बाईला आवडलं म्हणून घातलं, असं एकाही वस्तूखाली नाही. एवढ्या सगळ्या देशांत, एवढ्या शतकांत, एकीलाही नुसतं आवडलं नसेल? 

ताई


२३ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मी दुकानात उघडलं ही चूक झाली. गिऱ्हाईक समोर होतं. त्याचा चष्मा मी एका कानावर उंच बसवून दिला. तो तसाच गेला.

तू लिहितेस, निळी पट्टी तुला आठवते. आई कामावरून आली की ती उंबऱ्यातच खाली बसायची, तू पळत जायचीस आणि पट्टी काढायचीस. दुसऱ्या कुणी काढलेली तुला चालायची नाही. एकदा मी काढली तर तू फरशीवर लोळलीस. आणि तुला वाटायचं की पट्टीखाली रोज नवी चमकी उगवते.

हे आठवत होतं, मग मुलाखतीत का नाही सांगितलंस? तिथे वेणी नाही, पट्टी नाही, फक्त थोबाडीत! मला या पत्राने रडू आलं, म्हणून राग दुप्पट आला आहे, एवढं ध्यानात ठेव.

तू विचारतेस, तिच्या नाकातली चमकी निघाली कशी, ती तर कधी काढायची नाही. सांगते. इस्पितळात डोक्याच्या तपासणीसाठी मशीनमध्ये घालायचं होतं, अंगावर धातू चालत नाही म्हणाले. फिरकी इतक्या वर्षांत घट्ट बसली होती. नर्स म्हणाली, कापावी लागेल. मी म्हटलं, थांबा, आणि दुकानातून माझी बारीक पकड आणली. आई माझ्याकडे बघत होती. तोंडातून शब्द नीट येत नव्हते तरी म्हणाली, "हात धुतलेस का?" मी पुन्हा धुतले. कोपरापर्यंत.

तपासणी झाल्यावर परत घालायला गेले तर जात नव्हती. एवढ्या वर्षांचं भोक, दोन दिवसांत मिटायला लागलं होतं. मी दाबलं तर तिला दुखलं. "राहू दे," म्हणाली. मग बोटाने सारखी नाक चाचपायची. उघडं वाटतंय म्हणाली. "पट्टी लाव." मी इस्पितळाची पांढरी लावली तर मान हलवली. मावशीने घरातल्या जुन्या डब्यातून एक निळी शोधून आणली. ती लावली तेव्हा आई झोपली.

गेली तेव्हा तिच्या नाकावर ती होती. खाली काही नव्हतं.

निरोप द्यायच्या आधी कुणीतरी म्हणालं, ते काढा, बरं दिसत नाही. मी घुटमळले. ते काम तुझं होतं. तुझी एक दिवस वाट बघितली होती सगळ्यांनी. शेवटी मीच काढली. कुणी फरशीवर लोळलं नाही.

आता तुझा प्रश्न. पाटीवर काय लिहू, असं विचारतेस. सोबतच्या पाकिटात ती पट्टी आहे. कापसात गुंडाळली आहे, टणक डबी आहे, नोंदणी केली आहे. काचेत ही ठेव. खाली लिही: "बिस्किटं भरणाऱ्या एका बाईची पट्टी. खाली चमकी होती. तिने ती स्वतःच्या पगारातून, स्वतःला आवडली म्हणून घेतली, आणि उजवीकडे टोचली कारण साहेब डावीकडे बसायचा." एक शब्द कमी-जास्त केलास तर मी तिथे येऊन काच फोडेन. यांना विचार, मी फोडते की नाही.

चमकी काचेत ठेवायला मिळणार नाही, ते पहिल्या पत्रात लिहिलं आहे आणि मी शब्द फिरवत नाही. पण आईने ती तुला दिली आहे, आणि तिचा शब्द फिरवणारी मी कोण? तेव्हा नीट ऐक. तिला भोक लागतं. तुझ्या नाकाला ते नाही. मधल्या पडद्यावर वण तेवढा आहे, तोही तुझाच उद्योग.

कारखान्यामागच्या गल्लीत जाऊन आले. घड्याळवाला नाही, पण त्या बाईची सून तिथेच बसते. सुया उकळते, मी उभी राहून पाहिलं. प्रदर्शन उघडायच्या आधी ये किंवा नंतर ये, ते मला सांगू नकोस. माझ्याशी गोड बोलायचीही गरज नाही, मीही बोलणार नाही. चमकी चष्म्याच्या घरातून काढून मी घेऊन येते.

आणि पर्स मी धरीन. ते मला येतं.

ताई